उटण्यातले रान

उद्या नरक चतुर्दशी. उजाडायच्या आत पाट मांडले जातील, तेल कोमट होईल, वाटीत उटणे कालवले जाईल आणि कोकणातल्या घरांत तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक कारीट फुटेल. या साऱ्या सरंजामात कारीट तेवढे गरीब. कुंपणावरच्या वेलीचे कडू फळ, वर्षभर त्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. उटण्याचे तसे नाही. त्या मूठभर भुकटीत कोकणापासून हिमालयापर्यंतचा मुलूख भरलेला असतो.

पुडीच्या पाठीवरची यादी एकदा वाचून पाहावी. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, जटामांसी, मंजिष्ठा, चंदन. यातली आंबेहळद परसात किंवा शेतात लावलेली. नागरमोथा हा लव्हाळ्याचा भाऊबंद. लव्हाळा खणता खणता ज्याची कंबर मोडली आहे अशा शेतकऱ्याला लव्हाळ्याचे नातलग सुगंधी द्रव्य म्हणून विकले जातात हे सांगून पाहा, तो हसेल. पण कपूरकाचरी हिमालयाच्या उतारांवरची, आणि जटामांसी त्याहून वरची, तीन ते पाच हजार मीटर उंचीवर सावकाश वाढणारी. तिचा वास मुळाशी असतो. मूळ खणले की रोप संपले. म्हणूनच १९९७ पासून ती ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे आणि अत्यंत धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये गणली जाते. चंदनाचा सुगंध गाभ्यात आणि मुळांत, त्यामुळे ते झाडही मुळासकट निघते. पुडीवर मात्र ठळक अक्षरांत एकच शब्द असतो: नैसर्गिक. त्यात काय नाही एवढेच हा शब्द सांगतो. कुणी खणले, कोणत्या महिन्यात खणले आणि खणल्यावर मागे किती ठेवले, याबद्दल तो मिठाची गुळणी धरून बसतो.

अलीकडे रानातल्या तेलांचे साबण, मलम आणि उटणी करणारी मंडळी वाढली आहेत. बचतगट आहेत, शहरातली नोकरी सोडून आलेली तरुण मुले आहेत. आदिवासींच्या ज्ञानावर आधारित, असे ती अभिमानाने लिहितात. या उद्योगाचे आम्हाला कौतुक आहे. पण ज्ञान म्हणजे पाककृती, ही त्यामागची समजूत अपुरी आहे. अमुक बी, तमुक तेल, एवढ्या प्रमाणात: ही चिठ्ठी कुणीही उतरवून घेईल. रानातल्या माणसाचे ज्ञान पुष्कळसे पंचांगासारखे असते. कधी घ्यायचे, किती घ्यायचे आणि कधी हात आवरायचा, हे त्यात लिहिलेले असते.

मोहाचे पाहा. मार्च-एप्रिलात पहाटेच्या वेळी मोहाची फुले टपटप गळतात. गळते ती रसाळ पाकळ्यांची वाटी. फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. म्हणजे फुले कितीही वेचली तरी पावसाच्या तोंडावर त्याच झाडाखाली बिया मिळतात. विदर्भात त्यांना टोळंबी म्हणतात. त्यांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते, भेगाळलेल्या टाचांना लावतात, आणि आता तेच ‘मोहाचे बटर’ होऊन शहरी डब्यांतून येते. एका झाडाने वर्षातून दोनदा द्यायचे आणि तरी उभे राहायचे, हा हिशेब ज्या समाजाने बसवला त्याने मोहावर कुऱ्हाड चालवली नाही, यात नवल नाही. गोंड-माडियांच्या मुलखात तर आंबा पिकला तरी पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय तो तोंडात घालत नाहीत. देवाला आधी, माणसाला मागून. तोवर फळ भरते, कोय पक्की होते.

याचा अर्थ रानात सारे पवित्रच चालते असा नव्हे. मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग पसरली की कोवळी रोपे खाते. चारोळीचे हाल त्याहून वाईट. आपल्या आज्या दुधात चारोळी उगाळून तोंडाला लावत. ते फळ पिकायला एप्रिल-मे उजाडावा लागतो. पण मी थांबलो तर दुसरा कुणी नेईल, या धास्तीने मध्य भारतात ते कच्चेच ओरबाडले जाते, कित्येकदा फांदीसकट. धास्ती घालणारा तो दुसरा त्याच्यासारखाच गरीब असतो, आणि दोघांच्या मागे व्यापारी उभा असतो. जंगल कुणाचेच नसेल तर थांबणारा मूर्ख ठरतो. संयम ही निव्वळ सद्गुणाची बाब नाही. ज्याच्याकडे उद्याची हमी आहे त्यालाच तो परवडतो.

ही हमी २००६च्या वनहक्क कायद्याने कागदावर दिली: परंपरेने गोळा केले जाणारे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि त्यावर मालकीचा हक्क. ‘गौण’ हा शब्द सरकारी. ज्याची चूल त्यावर पेटते त्याला तो कसा वाटत असेल? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण त्या गावाने जंगलाचे नियम कायद्याच्या कितीतरी आधी, सर्वांच्या सहमतीने, ग्रामसभेत केले होते. फळासाठी झाड तोडायचे नाही, हा त्यातलाच एक. हक्काचा कागद नियमांच्या मागून आला, आणि तो आल्यावर नियम मोडणाऱ्या बाहेरच्याला अडवता येऊ लागले.

उलट उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरांतले आहे आणि ते आम्हाला अधिक अस्वस्थ करते. तिथले सोलिग लोक पिढ्यान्‌पिढ्या आवळा गोळा करत आले. केसांच्या तेलात आणि चेहऱ्याच्या लेपात जाणारा तोच आवळा. अभयारण्य झाल्यावर त्यांची पाला जाळण्याची हलकी, लवकरची आग बंद झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावरच बंदी आली. जंगल वाचवायचे म्हणून माणूस बाहेर. झाले काय? घाणेरी माजली, आणि आवळ्यावर बांडगूळ चढले. सोलिग आवळे काढताना बांडगूळ लागलेल्या फांद्या छाटत असत. तो हातच थांबला होता. बांडगुळाने झाडे मरतात आणि फळ घटते हे बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले, सोलिग ते आधीपासून सांगत होते. २०११ मध्ये त्यांचे सामूहिक हक्क मान्य झाले, व्याघ्र प्रकल्पात असे प्रथमच घडले. काढणी म्हणजे हानी, या समजुतीला इतके सरळ उत्तर दुसरे मिळणार नाही. घेणे आणि राखणे ही तिथे एकाच फेरीतली कामे होती.

मग या कामाचा मोबदला? १९९७ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने जुने संदर्भ पुढे ठेवून जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावरचे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतले, तेव्हा आपण सारे हरखलो. आपले कुणी नेले की आपल्याला चटकन कळते. आपण कुणाचे नेतो तेव्हा तितके कळत नाही. जैवविविधता कायदा २००२चा. त्याखाली उद्योगांनी वनस्पतींच्या वापराबद्दल द्यायच्या वाट्याचे २०१४ साली ठरलेले दर उलाढालीच्या ०.१ ते ०.५ टक्के होते, म्हणजे शंभर रुपयांच्या मालावर जास्तीत जास्त पन्नास पैसे. एवढ्याही वाट्यावरून खटला झाला. देशी उद्योगांनाही तो द्यावा लागेल, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितले. त्यानंतर २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला या बंधनातून सूट दिली. हा युक्तिवाद वरवर पटतो: ग्रंथ साऱ्यांचे. परंतु जटामांसी ग्रंथात असली तरी ती खणणारी माणसे ग्रंथात नाहीत, आणि पुढच्या वर्षी ती उरेल की नाही हे त्यांच्याच कुदळीवर ठरते.

उटणे लावू नका असे कोण म्हणेल? दिवाळीच्या पहाटेचा तो वास नाकातून जाणार नाही आणि जाऊही नये. जटामांसी आणि चंदन वगळलेले उटणेही अंग स्वच्छ करते. आंबेहळद, मसूर, संत्र्याची साल, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या यांवर कुणाचा डोंगर उघडा पडत नाही. आणि रानातलेच हवे असेल तर ग्रामसभेच्या नावाने विकणाऱ्यांकडून, ते सांगतील त्या भावाने, ते सांगतील त्या महिन्यात घ्यावे. माल संपला असे उत्तर आले तर रागावू नये. चांगल्या दुकानदाराची ती खूण आहे.

थांबण्याची ही रीत आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. जुन्या घरांत तुळशीच्या लग्नाआधी आवळा, चिंच, बोर तोंडात घालत नसत. आधी ती वृंदावनापाशी ठेवायची, मग पोरांच्या हातात. पुढे कार्तिकात आवळीभोजन, तेही झाडाखाली बसून. यंदा तुळशीचे लग्न अजून पंधरवड्यावर आहे. मंडईत आवळ्याचे ढीग मात्र कालच दिसले, हिरवेगार आणि दगडासारखे कडक.