एक किल्ला, एक पूर्ण दिवस

सहलीचे दिवस जवळ आले की आपल्या शाळेत ठरलेली चर्चा सुरू होते. रायगड की शिवनेरी? जरूर जावे. पण एक रात्र बसमध्ये जाते, दुसरी परतीला, आणि गडावर हाती उरतात जेमतेम दोन-तीन तास. तेवढ्यात मुले गड बघत नाहीत, रांग सांभाळतात. शिवाय वर्गणी परवडत नाही म्हणून प्रत्येक वर्गातली काही मुले घरीच राहतात. ती कोण, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून आमचे म्हणणे असे की यंदा शाळेने असीरगडला जावे. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर.

"तो मोगलांचा किल्ला, आपला कुठे?" असे काही पालक विचारतात. अकबराने १६०१ मध्ये तो फारुकींकडून घेतला हे खरे. पण १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर निजामाने मराठ्यांना जो मुलूख दिला, त्यात बऱ्हाणपूर आणि असीरगड दोन्ही होते. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तो याच परिसरात. पुढच्या वर्षी नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांना चुकवीत असीरगडाच्या आश्रयाला आले. ते निसटले, पण एप्रिल १८१९ मध्ये वेढा पडून शिंद्यांच्या किल्लेदाराला गड सोडावा लागला. मराठेशाहीचा शेवट आपण पुण्याच्या बाजूने पाठ करतो आणि त्याचे शेवटचे पान आपल्या दारात आहे हे मुलांना कुणी सांगत नाही.

आणि मराठे इथे कधी आलेच नसते, तरी काय बिघडले असते? ज्या गावात पिढ्यान् पिढ्या राहायचे, त्या गावाचा सगळाच इतिहास आपला.

सावकाश बघण्यासारखे पुष्कळ आहे. मलयगड, कमरगड आणि असीरगड असे तटांचे तीन टप्पे आहेत. वर मशीद आहे, महादेवाचे देऊळ आहे, इंग्रजांच्या कबरी आहेत. अश्वत्थामा पहाटे येऊन पूजा करून जातो, ही गोष्ट प्रत्येक घरातली आजी सांगेलच! आम्हाला मात्र मुलांनी पाण्याची टाकी शोधावी असे वाटते. एवढ्या उंचीवर शिबंदी पाणी कुठले पीत होती, हा प्रश्न द्यावा आणि उत्तर सांगू नये. पडक्या भिंतीपाशी तासभर बसून चित्र काढू द्यावे. भिंतीवर स्वतःचे नाव कोरणारे पुष्कळ होऊन गेले. आपल्या मुलांची नावे वहीतच राहावीत.

विश्वस्त मंडळाला विनंती एवढीच: जानेवारीतला एक दिवस ठरवावा, ऊन तापायच्या आत. डबा घरचा, पाणी भरपूर, चढाला साजेशी पादत्राणे. लांबच्या सहलीत जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात बसचे भाडे निघेल. तेवढे शाळेने द्यावे आणि वर्गणी कुणाकडूनही घेऊ नये.