रो काउंट जुळला, नावं गेली

मागे एका संस्थेच्या सभासदांचा डेटा आम्ही ओरॅकलमधून पोस्टग्रेसमध्ये नेला. शनिवारी रात्री काम सुरू, रविवारी पहाटे संपलं. दोन्हीकडचे रो काउंट मोजले तर एकही ओळ कमी नाही की जास्त नाही. मग चहा, वडापाव आणि मॅनेजरला 'सक्सेसफुल' असा ईमेल.

नंतर नव्या सिस्टीममधून पहिली पत्रं गेली आणि क्लायंटचा फोन आला. काही पत्रांवर नावच नाहीये! एक आजी पत्र घेऊन थेट काउंटरवर आल्या होत्या. "माझं खातं बंद केलंत का?"

झालं होतं ते असं. नाव, मधलं नाव आणि आडनाव हे तीन वेगळे कॉलम, आपल्याकडच्या फॉर्मसारखेच. पत्रासाठी एका व्ह्यूमध्ये ते दोन उभ्या रेघांच्या ऑपरेटरने जोडले होते. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, आणि मजकुराला नल जोडला तरी मजकूर शाबूत राहतो. (ओरॅकलचं मॅन्युअल म्हणतं की पुढे हे बदलू शकतं, त्यावर विसंबू नका. पण सगळे खुशाल विसंबून आहेत.) पोस्टग्रेस प्रमाण एसक्यूएलप्रमाणे चालतो. नल कशालाही जोडा, अख्खं उत्तर नल. म्हणजे ज्यांचं मधलं नाव नाही, त्यांचं पूर्ण नावच गायब.

आणि मधलं नाव कोणाचं नव्हतं? काही दाक्षिणात्य सभासदांचं, आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मुद्दाम न लावणाऱ्या काही बायकांचं. आजी त्यातल्याच. आयुष्यभर फॉर्मवाल्यांशी भांडून ती जागा कोरी ठेवली, आणि आम्ही एका रात्रीत उरलेलंही पुसलं.

डेटा मात्र जसाच्या तसा आला होता, हे लक्षात घ्या. टूलने त्याचं काम चोख केलं. चुकलो आम्ही. प्लॅनमध्ये कॉपी करायला किती तास लागतील ते होतं, पण डेटाचा अर्थ समजून घ्यायला एक दिवसही धरला नव्हता. माझं तर आता स्पष्ट मत झालंय की रो काउंट हा मायग्रेशनचा पुरावाच नव्हे. जुन्या सिस्टीममधून निघणारी पत्रं, पावत्या, रिपोर्ट दोन्हीकडून काढा आणि ओळीला ओळ लावून बघा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ओरॅकलच्या डेट कॉलममध्ये वेळही असते आणि पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते, असल्या गोष्टी तिथेच सापडतात.

दुरुस्ती सोपी वाटली. व्ह्यूमध्ये कॉन्कॅट_डब्ल्यूएस हे फंक्शन घातलं, ते नल सोडून देतं. नावांमध्ये वर्षानुवर्षं पडणारी दुहेरी स्पेसही गेली, जी आजवर कोणालाच खटकली नव्हती!

पण आठवड्याभरात ती परत दिसली, फक्त नव्या सभासदांच्या नावात. स्क्रीनवरून कोरी जागा आता रिकामी स्ट्रिंग म्हणून येत होती, आणि पोस्टग्रेसमध्ये ती नल नव्हे. एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचं रिकामं. 'मधलं नाव नसलेले सभासद' काढले तर फक्त जुनेच येत.

मग शेवटी क्लायंटला विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं. मधलं नाव माहीत नाही आणि मधलं नाव नाहीच, यात तुम्ही फरक करता का? तिथले जुने हेडक्लार्क म्हणाले, "करायला हवा होता, पण फॉर्मवर तशी सोयच नव्हती." मग ठरवलं की कोरं म्हणजे नल, आणि रिकामी स्ट्रिंग नाकारणारं चेक कन्स्ट्रेंट टाकलं. 'मधलं नाव नाही' असा वेगळा चौकोनही स्क्रीनवर आला.

पत्रं पुन्हा छापली. आजींना नवीन पत्र क्लार्कने स्वतः नेऊन दिलं म्हणे.