चौरस फुटांच्या पलीकडचा करार



आपल्या चंद्रपुरात जुन्या अपार्टमेंटच्या पुनर्विकासाची बोलणी आता घरोघरी ऐकू येतात. आमच्या इमारतीतही सुरू आहेत. सगळी चर्चा दोनच आकड्यांवर: किती चौरस फूट जास्त मिळणार आणि भाडे किती देणार. त्यानंतरची दोन-तीन वर्षे गल्लीने कशी काढायची, यावर कोणी बोलत नाही. कारण ती वर्षे घरात आणि दारात असणाऱ्या बायकांना काढायची असतात.

मागच्या गल्लीत असे एक काम चालू आहे. रेतीचा ट्रक सकाळी नेमका देरासरात जायच्या वेळी येतो. रस्त्यावर गिट्टी पसरलेली असते. त्यावरून साध्वीजींनी अनवाणी गोचरीला कसे यायचे? गॅस सिलिंडरवाला कोपऱ्यावरूनच फोन करतो, पार्सलवाली मुले कोणाच्याही दारात डबे ठेवून जातात. जटपुरा गेटची कोंडी आपण रोज सोसतोच. गोंडकालीन परकोटाच्या आतले रस्ते काही रुंद होणार नाहीत. म्हणून ट्रकची वेळच ठरवायला हवी: शाळेची, देरासराची आणि संध्याकाळची वेळ सोडून.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या धर्माची आहे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, लिफ्टच्या खड्ड्यातही ते साचते. आठ-दहा दिवसांत त्यात डास होतात, मग धूर मारून तेच जीव मारायचे. घरात आपण पाणी गाळून घेतो आणि शेजारी ही जीवोत्पत्ती डोळ्यांदेखत चालू देतो, हे मला पटत नाही. जिथे चालेल तिथे ओले गोणपाट वापरावे, साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी काढून टाकावे. जयणा म्हणतात ती हीच. मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा मजुरांना सावली, थंड पाणी आणि दुपारची सुट्टी देणे हीही जयणाच. धुळीसाठी हिरवी जाळी आणि ताडपत्री झाकलेले ट्रक हवेतच. औष्णिक केंद्र आणि खाणींच्या या गावाला आणखी धूळ नको.

पार्किंगचे भांडण तर घर ताब्यात मिळाल्यावर सुरू होते. मुंबईत दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले, की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींतही जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप सांगितले आहे. आमच्याकडे 12 घरे, 9 कार आणि 17 दुचाकी आहेत. दुसऱ्या कारचा हट्ट धरणाऱ्यांनी अपरिग्रह एकदा आठवावा. आधी प्रत्येक घराला एक जागा, मग उरलेल्याचा विचार.

पुरुष मंडळी म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर बिल्डर पळून जाईल. मी कॉमर्सची. माझा हिशेब साधा आहे. अट निविदेआधी घातली की सगळे बिल्डर ती धरूनच भाव देतात. काम सुरू झाल्यावर मागितली की तीच अट भांडण ठरते. शासनाने 4 जुलै 2019 रोजी सोसायट्यांच्या पुनर्विकासाची सुधारित कार्यपद्धती दिली आहे. त्यात विशेष सभा आहे, सभेचे चित्रीकरण आहे, निविदा आहेत. बोलायची जागा आहे, आपणच तिथे जात नाही.

तेव्हा करारात एक पान जास्त जोडून घ्या: ट्रकच्या वेळा, रोज संध्याकाळी रस्ता झाडणे, साचलेले पाणी, मजुरांची सोय, फाटकाशी पार्सल ठेवायचे टेबल, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा फोन, आणि पार्किंगचा नकाशा. अट मोडली तर दंड किती, तोही लिहा. शेजारच्या इमारतीलाही ते पान दाखवा. धूळ त्यांच्याही घरात जाणार आहे.

पुढच्या सभेला तुमचे यजमान निघाले की त्यांच्याबरोबर तुम्हीही निघा. सही घरातल्या एकाची असली, तरी प्रश्न दोघांचेही असतात.

जय जिनेंद्र.