फिजिओथेरपी खाटांवर मोजू नका

रुग्णालयात पदे मंजूर करायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाटा किती? परिचारिका खाटांवर मोजतात, वॉर्डबॉय खाटांवर मोजतात आणि त्याच फूटपट्टीने फिजिओथेरपिस्टही मोजले जातात. मोठ्या रुग्णालयाला जास्त, मधल्याला एखादा, वस्तीतल्या आरोग्य केंद्राला कोणीच नाही. ऐकायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात ते रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडते.

नवी मुंबईत ही फूटपट्टी लावून पाहावी. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत महापालिकेचे आठ विभाग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एका लांब पट्टीसारखे पसरले आहेत. 2011 च्या जनगणनेतच इथली वस्ती 11 लाखांच्या पुढे गेली होती. महापालिकेचे सर्वांत मोठे, 300 खाटांचे रुग्णालय वाशीत आहे. ऐरोली आणि नेरुळची रुग्णालये त्याखालोखाल. खाटांचा नियम चालवला तर हात वाशीत गोळा होणार आणि दिघा, घणसोली, तुर्भे त्या हातांपासून लांब राहणार.

या वाटणीचे समर्थक सांगतात की गंभीर रुग्ण मोठ्या रुग्णालयात असतात, म्हणून फिजिओथेरपिस्टही तिथेच हवेत. यातला पहिला भाग खरा आहे. अतिदक्षता विभागात छातीतला कफ सुटा करणे, गुडघा बदललेल्या रुग्णाला लवकर पायावर उभे करणे, हे काम तिथेच व्हायला हवे आणि ते कमी करा असे कोणी म्हणत नाही. चूक पुढे आहे. पक्षाघाताचा रुग्ण खाटेवर काही दिवस किंवा फार तर काही आठवडे असतो. त्याच्या हातापायाची लढाई त्यानंतर काही महिने चालते आणि ती घरी चालते. खाट मोजणाऱ्याच्या वहीतून तो रुग्ण डिस्चार्जच्या दिवशी पुसला जातो.

समजा, घणसोलीतला एक माथाडी कामगार. वाशीच्या बाजार समितीत आयुष्यभर पोती वाहिलेली पाठ. 50 किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, यासाठी कांदा-बटाटा बाजारात माथाड्यांना आंदोलने करावी लागली आहेत. त्यावरून त्या पाठीची कल्पना यावी. त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली. आठवड्याला 3 सिटिंग असे 3 महिने धरले तरी सुमारे 36 खेपा होतात. प्रत्येक खेपेला रिक्षा, सोबतीला घरचे माणूस आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. लोकलने जायचे तर स्टेशनचे जिने एका पायाने चढायचे. दहाव्या-बाराव्या खेपेला येणे थांबले, तर केसपेपरवर ‘रुग्ण आला नाही’ एवढेच लिहिले जाते. तो का आला नाही याचे उत्तर पदांच्या वाटणीत आहे, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

खाटेशी बांधलेली ही सवय जुनी आहे आणि तिला त्या काळी कारणही होते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली, तेव्हा केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे प्रशिक्षण सुरू झाले. पाठोपाठ 1955 साली हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. तेव्हा प्रशिक्षित माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांना एका जागी ठेवणे शहाणपणाचेच होते.

आज ‘माणसेच नाहीत’ हे कारण निदान नवी मुंबईत तरी टिकत नाही. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, पलीकडे कामोठ्याला एमजीएम. फिजिओथेरपीची पदवी देणाऱ्या संस्था शहरात आणि शहराच्या वेशीवर आहेत. मुले शिकून बाहेर पडतात आणि खासगी क्लिनिकात किंवा परदेशात वाट शोधतात. तुटवडा मंजूर पदांचा आहे. खासगी क्लिनिक गल्लोगल्ली आहेत, हेही उत्तर होत नाही, कारण प्रत्येक सिटिंगला पैसे मोजत महिनोन्‌महिने जाणे रोजंदारीवरच्या घराला झेपत नाही.

घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवा, काम भागेल, असाही एक सल्ला दिला जातो. तो चांगल्या मनाने दिलेला असतो, म्हणूनच त्याची तपासणी महत्त्वाची. ती भारतातच झाली. देशातल्या 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1250 रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातल्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे रीतसर शिक्षण दिले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. 6 महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच निघाले: 47 टक्के. बायको, मुलगा, सून जीव ओतून करतात, त्यांच्या मायेला तोड नाही. पण दर आठवड्याला स्नायूंची ताकद तपासून व्यायाम बदलणारा जाणता हात ते होऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यावर ते ओझे टाकून व्यवस्थेने मोकळे होऊ नये.

यंत्रांचा मुद्दाही उगाच मोठा केला जातो. ट्रॅक्शन, शेक, विजेची यंत्रे मोठ्या ठिकाणीच परवडतात, हे मान्य. पण लकव्यानंतर चालायला शिकवणे, आखडलेला खांदा सोडवणे, म्हाताऱ्या माणसाचा तोल सुधारणे यासाठी एक गादी, धरून चालायच्या समांतर दांड्या, वाळूची वजने आणि आरसा एवढ्यावर बरेच काम होते. हे सामान नागरी आरोग्य केंद्राच्या एका खोलीत मावते.

मग वाटणी कशी करावी? रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावरचे पत्ते विभागवार लावावेत. पक्षाघात, हाड मोडणे, सांधा बदलणे, मेंदूला इजा, एवढे निकष पुरेत. ज्या विभागात असे रुग्ण जास्त, तिथे पदे जास्त. वाशीत अतिदक्षता आणि शस्त्रक्रिया विभागापुरते पक्के मनुष्यबळ ठेवून उरलेल्यांनी ठरलेल्या वारी आरोग्य केंद्रात बसावे. शक्य तिथे वॉर्डात ज्याने रुग्णाला पहिल्यांदा उभे केले, त्यानेच पुढे त्याला वस्तीत पाहावे. रुग्णाची भीती अशाने निम्मी होते.

महापालिकेला हे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. दिव्यांग मुलांसाठी वाशीत ईटीसी केंद्र याच महापालिकेने 2007 पासून चालवले आणि त्याची देशपातळीवर दखल घेतली गेली. ते एकाच ठिकाणी आहे, म्हणून केंद्रीकरणाचे समर्थक त्याचा दाखला देऊ शकतात. पण तिथे एकाच मुलाला वाचा, शिक्षण, मानसोपचार आणि फिजिओथेरपी एकत्र लागते, म्हणून सगळे तज्ज्ञ एका छताखाली आणले आहेत. म्हणजे तिथेही वाटणी रुग्णाच्या गरजेवरून ठरली आहे. लकव्यातून उठणाऱ्या घणसोलीच्या माणसाची गरज आहे घराजवळची एक खोली आणि आठवड्यातले तीन दिवस.