संगणकावरील खेळ व श्रमाचें सार्थक

संगणकावरील खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, अशी पुष्कळ पालकांची समजूत आहे, आणि ती अगदींच निराधार नाहीं. तथापि सर्व खेळ एकाच मापानें मोजणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून एकट्यादुकट्यानें रचलेल्या कांहीं खेळांचा विषयच मुळीं नोकरींतील नीरसता हा आहे.

पाओलो पेडरचीनी यांनीं २००९ सालीं रचलेल्या ‘एव्हरी डे द सेम ड्रीम’ या खेळाचा नायक रोज उठतो, कपडे करतो, गाड्यांच्या रांगेंतून कचेरींत जातो आणि एकसारख्या टेबलांच्या ओळींत जाऊन बसतो. वाट सोडून गाय कुरवाळणें, गळणारें पान झेलणें, एवढेंच त्याचें स्वातंत्र्य! लुकस पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ या २०१३ सालच्या खेळांत आपण सरहद्दीवरील कारकून होतों. जितकीं माणसें तपासावीं तितकी मजुरी. दया वारंवार दाखविली तर दंड, आणि घरीं मुलेंबाळें उपाशी.

हे खेळ मुलांच्या हातीं द्यावे, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील कांहीं प्रसंग कोंवळ्या मनास झेपणारे नव्हेत. ते पालकांनीं खेळावे. मुलाच्या नोकरीचीं स्वप्नें रचणारानें त्या खुर्चीवर घटकाभर बसून पाहावें.

कोणी म्हणेल, शेतांतील काम तरी कोठें नित्य नवें असतें? खरें आहे. परंतु तात्यासाहेब कोरे यांनीं वारणेकांठीं सहकारी कारखाना उभारला, तेव्हां ऊस पिकविणारा त्याचा भागीदार झाला. १९९८ सालीं या परिसरांतील सत्तर गांवांकरितां संगणकांची योजना निघाली, तीही शेतकऱ्यास ऊस व बाजारभाव यांची माहिती गांवींच मिळावी म्हणून. उलट, बीडकडून येणारा तोडणी-मजूर जन्मभर दुसऱ्याचाच ऊस तोडतो. श्रम दोघांचेही, पण त्या श्रमांत आपलेपण एकासच लाभतें.

पवित्र शास्त्रांत बाग राखण्याचें काम मनुष्यास पतनापूर्वींच सोंपविलें आहे. अर्थात् श्रम हा शाप नव्हे. कोणासाठीं व कशासाठीं हें न कळतां केलेला श्रम मात्र शापासारखा होतो. म्हणून पालकहो, मुलास वेतन किती मिळेल हें अवश्य विचारा. पण त्या कामानें कोणाचें भलें होईल, हेंही विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आतांपासूनच शोधूं लागा.