विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे काहीशा कीव करण्याच्या सुरात वापरतात. ज्याला धड घर नाही, चार भांडी आणि एक वळकटी घेऊन जो गावोगाव फिरतो, त्याच्याबद्दल. ऑस्ट्रेलियात मात्र स्वतःचे चांगले ऐसपैस घर असलेली माणसे हौसेने असे बिऱ्हाड विकत घेतात, मोटारीच्या मागे जोडतात आणि सुटी लागली की वाळवंटाची वाट धरतात. आम्ही मेलबर्नकर मराठी मंडळीही याला अपवाद नाही. जुन्या वस्तूंच्या डागडुजीबद्दल या सदरात मी नेहमीच लिहितो. यंदा दिवाळीनिमित्त वस्तू जरा मोठी घेतली आहे, इतकेच.

वस्तू अशी. दोन चाकांवर लोखंडी सांगाड्याची एक पेटी. तिच्या पोटात शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरी आणि भांडीकुंडी. पेटीवर लोखंडी चौकट आणि चौकटीवर घडीचा तंबू. घडी उलगडली की गादीसकट माडी तयार; चढायला शिडी. या वस्तूला इथे कॅम्पर ट्रेलर म्हणतात. छतावरच्या तंबूची कल्पना मूळ मोटारीच्या टपासाठी निघाली. इटलीत १९५८ च्या सुमारास असे तंबू बाजारात आले, आणि पुढे पूर्व जर्मनीतल्या लोकांनी तर ट्राबांटसारख्या चिमुकल्या मोटारीच्या डोक्यावरही माडी चढवली. मोटारीवरचा तंबू ट्रेलरवर नेण्याचा फायदा असा, की बिऱ्हाड मुक्कामी ठेवून मोटार मोकळी फिरवता येते.

आमचा ट्रेलर जुना, आठ-नऊ वर्षे वापरलेला. तो घेण्यामागे एक बेत होता. आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण हौस दांडगी. येत्या हिवाळ्यात तिच्यासह सगळ्यांनी मारी ते मार्ला हा ऊडनाडाटाचा रस्ता करायचा, असे ठरले. सुमारे सव्वासहाशे किलोमीटर, बहुतेक सगळा कच्चा. तिथे वाटेत चाक निखळले तर मदत कधी येईल याचा नेम नाही. म्हणून बिऱ्हाड सजवण्याआधी ते भरवशाचे करणे भाग होते.

जुने घर घेताना रंग पाहू नये, ओल पाहावी, असे आमचे एक गवंडीकाका सांगत. ट्रेलरची ओल म्हणजे वजन. प्रत्येक ट्रेलरवर एक पत्रा ठोकलेला असतो. रिकाम्याचे वजन किती आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती, हे त्यावर कोरलेले असते. आमच्या पत्र्यावर ८२० आणि १४०० किलो असे आकडे होते. मी ट्रेलर रिकामा करून सार्वजनिक वजनकाट्यावर नेला. काटा म्हणाला, ९८५! पहिल्या मालकाने हौसेहौसेने जे जे चढवले होते, त्याचे हे १६५ किलो. विकताना त्याच सगळ्याला ‘सुधारणा’ म्हटले होते. मग मी वहीत दोन रकाने आखले: काय उतरवायचे आणि काय दुरुस्त करायचे. तिसरा रकाना, नवे काय घ्यायचे याचा, सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान.

दुरुस्ती चाकांपासून धरली. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे आणि कान द्यावा. घरघर ऐकू आली तर बेअरिंग थकले. मग वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर ढिले. आमच्या एका चाकातले वंगण काळे पडून त्यात बारीक धूळ मिसळली होती. दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदलली आणि वंगण भरलेला एक जादा संच डब्यात ठेवला. गंमत अशी, की ट्रेलरच्या बेअरिंगांच्या दोन मुख्य जातींना इथे अजूनही ‘होल्डन’ आणि ‘फोर्ड’ म्हणतात. फोर्डने २०१६ साली आणि होल्डनने २०१७ साली या देशात मोटारी बनवणे थांबवले. नावे मात्र वंगणात टिकून राहिली आहेत.

टायर दिसायला नवे होते, नक्षी खोल होती. पण टायरच्या गालावर चार आकडे असतात, ते वाचावेत. आमच्यावर २३१६ होते, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. नवे टायर मोटारीच्याच मापाचे घेतले, म्हणजे एक जादा चाक दोघांनाही चालते. मग पाट्यांच्या स्प्रिंगा आणि त्यांचे बोल्ट तपासले, आणि ओढदांडा पेटीला जिथे मिळतो त्या सांध्याचा रंग घासून तडा आहे का ते पाहिले. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात. तासन्तास तो थरथराट सोसून लोखंड बहुधा याच जागी दगा देते.

ब्रेकच्या बाबतीत इथला कायदा स्पष्ट आहे. ट्रेलरच्या चाकांवर ७५० किलोहून अधिक भार पडत असेल तर त्याला ब्रेक हवेत. २००० किलोच्या वर गेला तर प्रत्येक चाकाला हवेत, शिवाय जोड तुटल्यास आपोआप लागणारी योजनाही हवी. आमचे ब्रेक विजेचे. मोटारीचा ब्रेक दाबला की ट्रेलरच्या चाकाच्या ढोलातला विद्युतचुंबक ढोलाला चिकटू पाहतो आणि ब्रेकचे पट्टे फाकवतो. आसाशी घासून एका बाजूची तार सोलली गेली होती. तार दीड हात, पण तिच्यावर पाच जणांचा जीव.

आता भाराच्या मांडणीकडे येतो. आपल्याकडे बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की गाडी ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तेच. पुढच्या जोडावर एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा पडला पाहिजे. तो कमी असला की वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि मोटारीलाही हलवतो. अशा वेळी मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नये. वेग सोडून द्यावा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हळू लावावा. पण मुळात ती वेळच येऊ नये. आमच्या ट्रेलरच्या अगदी शेपटीवर दुसरे जादा चाक आणि इंधनाच्या डब्यांची लोखंडी कडी होती. ती ४५ किलोंची मिरवणूक उतरवली. जाड प्लायवूडचे जादा कप्पे काढले, ते २२ किलो. शिशाच्या दोन बॅटऱ्या होत्या, तीस तीस किलोंच्या. शिशाची बॅटरी टिकवायची तर तिची निम्मीच वीज वापरावी लागते. त्या दोघींचे काम करणारी लिथियमची एकच बॅटरी बसवली, ती बारा किलो. इथे ४८ वाचले. मात्र तिला तिच्या जातीचा चार्जर लागतो, आणि पारा शून्याखाली असताना ती चार्ज करू नये. वाळवंटातल्या हिवाळी रात्री तितक्या थंड असतात. बॅटरीजवळच फ्यूज घातला आणि फ्रिजपर्यंत जाड तार ओढली. बारा व्होल्टची वीज बारीक तारेत वाटेतच दमते.

हे ओझ्याचे पुराण मी इतके का लावले, असे वाचकांना वाटेल. त्यामागे मेलबर्नचाच एक इतिहास आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी इथल्या रॉयल पार्कमधून बर्क आणि विल्स यांची मोहीम ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघाली. त्यासाठी कराचीहून उंट जहाजाने आणवले होते, आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडचे उंटवालेही. सामान सुमारे वीस टन. त्यात जेवणाचे मेज आणि खुर्च्या, आकाशात उडवायचे बाण आणि एक चिनी घंटासुद्धा होती! एक गाडी बागेतून बाहेर पडण्याआधीच मोडली. आणखी दोन शहराच्या वेशीवर. पुढे ओझे पेलेना म्हणून बॅलरानल्ड गावी सामान काढून टाकले. त्यात कोणती वस्तू गेली? स्कर्व्हीपासून वाचवणारा लिंबाचा रस. बर्क आणि विल्स उत्तरेच्या आखातापर्यंत जाऊन आले, पण १८६१ च्या जूनअखेरीस कूपर खाडीकाठी उपासमारीने गेले. त्यांचा सोबती किंग वाचला तो तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आसरा दिला म्हणून. ओझ्याचा विचार घरी केला नाही, तर तो रस्त्यात घाईने करावा लागतो. आणि घाईत माणूस नेमकी कामाची वस्तू टाकतो.

आमचा ट्रेलर या काटछाटीनंतर ८७० वर आला. टाकीतले ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. टाकी आसाजवळच आहे, म्हणून ते खपते. गॅसच्या दोन लहान टाक्या बाहेरच्या पेटीत ठेवल्या आणि पेटीला तळाशी झरोका पाडला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. तंबूत मात्र शेगडी कधीही पेटवू नये. कोंडलेल्या जागेतला ज्वाळेचा विषारी वायू वासावरून कळत नाही. धुळीसाठी दारांच्या कडांना नवी रबरी पट्टी लावली. इथली लाल माती पिठीसाखरेसारखी बारीक असते. चहाच्या डब्यातही शिरते.

राहिला तंबू. त्याचे कापड सुती मिश्रणाचे. कुबट वास येत होता, कारण गादीखाली श्वासाची वाफ थिजून ओल साठते. गादीखाली जाळीदार चटई घातली आणि तंबू चार दिवस उन्हात उघडा ठेवला. आई म्हणाली, “अरे, गोधड्यांना ऊन दाखवायला कुणाचे पुस्तक कशाला हवे?” साबण लावायचा नाही, त्याने पाणी रोखणारा थर जातो. शिवणीतून पाणी ठिबकत होते तिथे तंबू दोन-तीनदा नुसत्या पाण्याने भिजवून पूर्ण सुकवला. दोरा फुगून सुईची भोके बुजतात. चेनवर मेणबत्तीचा तुकडा फिरवला.

खरा प्रश्न शिडीचा होता. शिडी नऊ पायऱ्यांची, पायऱ्या गोल नळीच्या. आई खालीच झोपेल, असे आमच्या सौ.ने सुचवले, तंबूखाली कापडी खोली लावता येते. पण या देशात साप फार, हे आईने कुणाकडून तरी ऐकले होते. “खाली सरपटणारे आणि वर शिडी,” ती म्हणाली, “त्यापेक्षा शिडी बरी. पुण्याच्या वाड्यात माडीचा जिना असाच होता.” मग मी चौकटच कापली. एका लोहारखान्यात नेऊन तिचे खांब दीड फूट आखूड करून घेतले. पेटीला दारे बाजूने आहेत, त्यामुळे अडचण आली नाही. नव्या शिडीला सहा पायऱ्या, रुंद आणि सपाट. धरायला एक कठडा, आणि पायथ्याशी रात्रभर जळणारा छोटा पिवळा दिवा. आईसाठी केलेली ही एक सोय साऱ्या ट्रेलरला लाभली. साठ किलोंचा तंबू दीड फूट खाली आला, तसा ट्रेलरचा तोल आडव्या उतारावर स्पष्टपणे सुधारला. इतक्या खटपटीत याहून मोठी सुधारणा दुसरी झाली नाही, आणि तिला नवी वस्तू लागली ती एक शिडी.

जुलैत निघण्यापूर्वी प्रत्येकाची पिशवी न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली. चिरंजीवांनी दोन चेंडू कमी केले, कन्येने पुस्तके निम्म्यावर आणली. बर्कसाहेबांची हकीकत सगळ्यांना ठाऊक झालीच होती. आई आली, तिने मेतकूट आणि भाजणीचे डबे निमूटपणे काट्यावर ठेवले. लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र ती पदराखाली धरून तशीच पुढे गेली. “ही मोजायची नाही,” ती म्हणाली. “ती टाकून काय झाले, ते तूच सांगितलेस ना?”