चोर कोण?



धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी आम्ही बाळापूरच्या चार पोरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची काही पानं झेरॉक्स करून वस्तीत वाटायचं ठरवलं. एक शिकलेले सर म्हणाले, ‘काहो, परवानगी घेतली काय? हे कॉपीराईटची चोरी झाली. पंचशील घेता ना तुमी?’

मी गप्प झालो. डाळमिलीत दिवसभर पोती उचलता उचलता डोक्यात तेच. अदिन्नादाना म्हणजे न दिलेलं घेणं. मंग सर, धम्म कोणी दिला नाही? तथागतानं शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितलं, की शिकवताना गुरूसारखी मूठ झाकून मी काही राखून ठेवलं नाही. चीनमध्ये 868 साली छापलेलं वज्रच्छेदिका सूत्र आज लंडनला आहे. त्यावर छापवणाऱ्यानं लिहवून घेतलंय : आईबापाच्या नावानं, सगळ्यांना फुकट वाटायला.

कायदा म्हणता? तोही वाचला. 1957 च्या कायद्यानं हक्क मरणानंतर 50 वर्षं. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत छापलेली पुस्तकं 2006 अखेर मोकळी व्हायची. पण 1991 ला रवींद्रनाथांची मुदत सरत आली, अन् सरकारनं 50 चे 60 केले. टागोरांची मूठ सांभाळताना आमची दहा वर्षं गेली! 1936 चं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ 2017 उजाडल्यावर मोकळं झालं. धम्मग्रंथ बाबासाहेब गेल्यावर, 1957 ला निघाला. त्याचं मोजमाप छापल्या सालापासून, म्हणून 2018. ‘रिडल्स’ तर सरकारनंच 1987 ला छापलं. ते 2047 संपेपर्यंत कुलपात. तवर माझे केस पांढरे.

तरी सर एका जागी बरोबर होते, कबूल करतो. आमची पानं मराठी भाषांतराची होती, अन् भाषांतराचा हक्क वेगळा असतो. तो माणूसही रात्री जागला असंल.

हे मले कळते, कारण माझी एक कविता एकानं स्वतःच्या नावानं छापली. लई आग झाली. पैसा नव्हताच, नाव गेलं. आपल्या शाहिरांचं काय वेगळं झालं? गाणं गावोगाव वाजते, लिहिणाऱ्याचं नाव गाळून, गल्ला भलत्याच्या खिशात. हे अदिन्नादाना, सर! वाटणारा चोर नाही. नाव खाणारा, भाकर खाणारा चोर.

म्हणून आम्ही इंग्रजीवरून स्वतःच उलथं करायला घेतलं. डिक्शनरी मांडीवर, रात्रपाळी नसंल तेव्हा. सात पानं झाली. खाली लिहिलंय : मूळ लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर, चुका आमच्या. रविवारी विहारात मिळतील. चूक दिसली तर पेनानं दुरुस्त करा, अन् पुढच्याले द्या.